वेलचीचा भाव रंगावर की तेलावर?

मिठाईवाले, मसाला कुटणारे, बिर्याणीचे भटारी, अत्तरवाले असे आपले अनेक व्यापारी बांधव वेलचीचे कायमचे गिऱ्हाईक आहेत. माल घेताना आपण दोनच गोष्टी पाहतो : बोंड किती मोठे आणि रंग किती हिरवा. पण गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते वासासाठी, आणि वास टरफलात नसून बियांच्या तेलात असतो.

हिरवेपणा टिकावा म्हणून ताजी बोंडे सुकविण्यापूर्वी धुण्याच्या सोड्याच्या 2 टक्के द्रावणात 10 मिनिटे बुडविण्याची पद्धत आहे. यात लबाडी नाही; मात्र त्याने वासही वाढत नाही. आखा माल विकणाऱ्याला रंग हवा, हे मान्य. पण जो माल कुटायचाच आहे, त्याच्या हिरवेपणाचे जादा पैसे का मोजावेत?

वेलचीच्या तेलात दोन घटक मुख्य आहेत. एक सिनिओल, साधारण 25 ते 45 टक्के. हाच निलगिरी तेलाचाही मुख्य घटक. दुसरा टर्पिनिल अॅसिटेट, साधारण 30 ते 50 टक्के. वेलचीचा गोडसर सुगंध मुख्यतः याचा. मोठ्या काळ्या वेलचीच्या तेलात सिनिओल 60 टक्क्यांच्या वर जाते आणि टर्पिनिल अॅसिटेट नावालाच असते. म्हणूनच वेलचीच्या तेलात निलगिरी किंवा पुडीत काळी वेलची मिसळली, तर नाकाला कदाचित कळणार नाही, पण गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात हे प्रमाण बिघडलेले लगेच दिसते. तेल काढून घेतलेला चोथा पुडीत मिसळला असेल, तर तेलाची टक्केवारीच घसरते.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बियांत किमान साडेतीन टक्के तेल हवे. चांगल्या मालात त्याच्या दुप्पटही निघते. म्हणजे एकाच वजनाच्या दोन पोत्यांत वासाचा माल एकात दुप्पट असू शकतो, आणि भाव मात्र रंगावर ठरतो!

एकट्या छोट्या दुकानदाराला तपासणीचा खर्च जड जाईल. तेव्हा एका बाजारातील पाच-दहा जणांनी मिळून माल घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा. अडत्याकडे तेलाची टक्केवारी लेखी मागावी. फुटलेली बोंडे स्वस्त मिळाली तरी टाळावीत, कारण त्यांतले तेल उडून जाते. पूड रोजच्या गरजेपुरतीच कुटावी.

मापात पाप नको, असे आपण म्हणतो. वासाचेही माप आहे. ते मागायला आपण शिकले पाहिजे.