ताटामागे किती?

गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी राजगडाच्या पद्मावती माचीवर एक तरुण ताकाच्या पेल्यासाठी हुज्जत घालत होता. मावशी वीस रुपये म्हणत होत्या, तो पंधरावर अडून बसला होता. शेवटी मावशींनी पंधरा घेतले. त्याच्या मागच्या चौघांनीही मग पंधराच दिले.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. व्यवहार दिसला की जमाखर्च मांडल्याशिवाय मला राहवत नाही. गर्दी ओसरल्यावर मावशींच्या शेजारी बसले आणि विचारून घेतलं. आदल्या रात्री विरजण लावायचं, पहाटे चारला उठून घुसळायचं, उजाडताना हंडा डोक्यावर घेऊन गुंजवण्यातून निघायचं. चोर दरवाजाच्या वाटेने त्यांना अडीच तास लागतात. शेवटच्या कातळटप्प्यात एक हात रेलिंगला आणि दुसरा हंड्याला. पेले, मीठ, लिंबं यांची पिशवी मुलगी मागून आणते. धुकं दाटलं, पाऊस झोडपू लागला की ताक खपत नाही. उरलेलं वरच ओतून द्यायचं, कारण निसरड्या वाटेवर भरला हंडा घेऊन उतरता येत नाही. "पाच रुपयाचं काय न्हाई वो ताई," मावशी म्हणाल्या, "पण एवढं वर आणलेलं कुणाला दिसत न्हाई."

2025च्या जुलैमध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपल्याकडचे आणि तामिळनाडूतला जिंजी. आनंद मलाही झाला. तेव्हापासून आमच्या भटक्यांच्या गटांत 'पायथ्याच्या गावांना आपण काहीतरी परत दिलं पाहिजे' असा सूर ऐकू येतो. भावना खरी आहे. पण काय द्यायचं हे ठरवताना आपण फार चुकतो, आणि ती चूक मी स्वतः केली आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही जुन्या कपड्यांची सहा पोती एका पायथ्याच्या गावात नेली. सोसायटीत आवाहन केलं होतं. लोकांनी जे नको होतं ते दिलं: जीन्स, झालरीचे फ्रॉक, कोट. देवळासमोर वाटप झालं. पुढच्या खेपेला त्यातल्या दोन जीन्स एका गोठ्यावर पेंढा झाकायला घातलेल्या दिसल्या. त्या घरची बाई मोकळेपणाने म्हणाली, "कपडं हायती आमाला. तुमी जेवायला का थांबला न्हाई त्या दिवशी? वीस माणसं होता." आम्ही पुण्याहून डबे नेले होते. वीस जणांचं जेवण त्या घरी झालं असतं, तर त्या दिवशी त्या बाईच्या हातात तिच्या कष्टाचे पैसे पडले असते. आम्ही तिला आमची अडगळ दिली आणि तिचा रोजगार चुकवला.

चॉकलेटांचंही तेच. गाडी थांबली की मुलं हात पुढे करून धावतात, आणि ही सवय त्यांना आपणच लावली आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी एकदा मला हात जोडून सांगितलं की मुलांच्या हातात काही देऊ नका. "मग शाळेला काय हवं?" असं विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. हे त्यांना बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाल्या, टाकीचा नळ गळतो. उन्हाळ्यात टाकी भरायला आधीच पाणी नसतं आणि भरली तर रात्रीत निम्मी वाहून जाते. त्या भागात पाऊस धो धो पडतो, आणि मार्च सरला की बाया हंडे घेऊन लांब जातात. आमच्यातला एक जण प्लंबिंगचं काम करतो. पुढच्या रविवारी त्याने तासाभरात नळ बदलला. तीनशे रुपयेही लागले नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. श्रमदानाच्या उत्साहात काही मंडळी गडावर घमेली-फावडी घेऊन थेट खणायला लागतात. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. टाक्यातला गाळ काढायचा असला तरी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी.

आता मुख्य गोष्ट, पैशाची. हल्ली गडावर येणारे बरेच जण आयोजकांबरोबर येतात. माणशी हजार-बाराशे रुपये भरतात. त्यात बस, वाटाड्या, नाश्ता, जेवण सगळं येतं. आयोजक जेवणाचा भाव मात्र घरोघर पाडून मागतो: तुम्ही दीडशे म्हणताय, पलीकडचे शंभरला देतात. पलीकडच्यांनाही हेच सांगितलेलं असतं. भावकीतल्या दोन घरांत एका ताटावरून अबोला आलेला मी पाहिला आहे. बरं, गर्दीचा हंगाम म्हणजे जुलै-ऑगस्ट, नेमका भातलावणीचा. चाळीस ताटं करायची तर घरातल्या दोन बायका चिखलातून उठून चुलीपुढे बसतात आणि शेतात बदली मजूर लावावा लागतो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण, इंद्रायणीचा भात. इतकं पोटभर जेवून उठताना 'जरा महाग आहे' म्हणणाऱ्या माणसाने त्या चुलीच्या धुरात दहा मिनिटं बसून पाहावं.

काही जण म्हणतात, पर्यटनाच्या पैशाने गावं बिघडतात. माझ्या मते पैसा कुणाच्या हातात पडतो त्यावर ते ठरतं. पायथ्याची जमीन विकत घेऊन बांधलेल्या फार्महाऊसवर आपण राहिलो, तर पैसा संध्याकाळच्या आत पुण्या-मुंबईला परत जातो. ज्याची जमीन होती, त्याचा मुलगा तिथे रखवालदार होतो. तेच आपण घरात राहिलो, घरात जेवलो, गावातला वाटाड्या घेतला, दिवाळीनंतर त्याच घरून वर्षाचा तांदूळ आणला, मे महिन्यात पानाच्या द्रोणातली करवंदं घासाघीस न करता घेतली, तर तो पैसा शाळेच्या वहीपर्यंत आणि दवाखान्याच्या रिक्षापर्यंत जातो. माझ्या घरी आठ वर्षं गुंजवण्याचाच तांदूळ शिजतो. मधला व्यापारी नसल्याने त्यांना चार पैसे जास्त मिळतात आणि मला भेसळ नसलेला तांदूळ.

यासाठी वेगळी संस्था काढायला नको, देणगीची पावती फाडायला नको. येताना सॅक वेफर्स-मॅगीने न भरता रिकामी आणा, जाताना आपला कचरा तिच्यात भरून न्या. दोन दिवस आधी फोन करून किती माणसं येणार ते सांगा. येणं रद्द झालं तर तेही कळवा, कारण पीठ दळून ठेवलेलं असतं.

आणि पुढच्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला फोनवर एवढं विचारा: जेवण कुणाच्या घरी आहे, आणि त्या घराला तुम्ही ताटामागे किती देणार आहात?