राखीव खेळाडू आणि खरिपाची कामे

बारावीपर्यंत गावाकडून कबड्डी गाजवलेला मुलगा पदवीच्या कॉलेजात जातो आणि पहिल्या वर्षी मैदानाबाहेर बसतो, हे बऱ्याच गावांत दिसते. मग पारावर बोलणे सुरू होते. एक म्हणतो, सरांनी आपली माणसं घेतली. दुसरा म्हणतो, पोरात दमच नव्हता. हे ऐकून पोरगं खेळ सोडतं, आणि काही पोरं खेळाबरोबर कॉलेजही सोडतात.

वशिला कुठेच चालत नाही, असे मी म्हणणार नाही. पण आधी हिशेब बघा. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. तिथे आपला मुलगा त्याच्याच वयाच्या मुलांशी खेळला. विद्यापीठ स्पर्धेत १७ ते २५ वयाचे खेळाडू एकाच गटात येतात. म्हणजे अठरा वर्षांच्या आपल्या पोरासमोर एम.ए. करणारा, चार-पाच हंगाम खेळलेला गडी उभा असतो. संघात बारा जण घेतले तरी मैदानात उतरतात सातच. त्यात गावात आपण मातीवर अनवाणी खेळतो, कॉलेजात मॅटवर आणि बूट घालून. मातीवर टाच रोवून पकड करणाऱ्याचा पाय मॅटवर सुरुवातीला बसत नाही. तीस सेकंदांची चढाई, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला गुण आणायचाच, हे अंगवळणी पडायला एखादा हंगाम जातो. वाफ्यातले रोप शेतात लावल्यावर चार दिवस मान टाकते, म्हणून ते कोणी उपटून फेकत नाही.

आता आपल्या बाजूचे बोलू. संघ कोण खेळणार हे सामन्याच्या दिवशी ठरत नाही, रोजच्या सरावात ठरते. आणि सरावाचे महिने कोणते? साधारण जुलै-ऑगस्ट. नेमकी तेव्हाच आपल्याकडे कोळपणी, खुरपणी, फवारणी. पुढे स्पर्धा येतात तेव्हा सोयाबीन काढणीला आलेले. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून पोराला निरोप जातो, ‘दोन दिवस ये.’ दोनाचे आठ होतात. तोवर त्याच्या कोपऱ्यात दुसरा मुलगा रुळलेला असतो. शेताची अडचण खोटी नाही, मी रोज बघतो. पण मग दोष एकट्या सरांच्या माथी मारू नये.

खाशाबा जाधवांचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. अंगकाठी लहान, म्हणून कॉलेजच्या कुस्ती स्पर्धेत क्रीडाशिक्षक त्यांचे नाव घेईनात. त्यांनी थेट प्राचार्यांची परवानगी मिळवली आणि आखाड्यात थोराड गडी लोळवले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक घेतले. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पण कुस्तीत एका डावात निकाल लागतो. कबड्डी, खो-खोत तसे नाही. तिथे रोज हजर असणाराच सरांच्या नजरेत भरतो.

मुलींचे तर आणखी अवघड. सराव संपायला साडेसहा वाजतात आणि गावाकडची शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. चांगल्या खेळणाऱ्या मुली केवळ एवढ्यासाठी घरी बसल्या आहेत. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी ठराव करून आगाराकडे गाडीची वेळ बदलून मागावी. गावच्या मैदानावरची खडी आणि कडब्याच्या गंजी हलवल्या तर सुट्टीत आलेल्या मुलांचा सरावही तुटणार नाही.

आणखी एक. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून काही पालक पोराला संघात नुसते नाव लावायला सांगतात. सहभागाच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेत क्रमांक लागतो आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते.

निवड चाचणीची तारीख कॉलेजच्या फलकावर लागते. मुलाला ती आधीच विचारून ठेवा. त्या आठवड्यातली खुरपणी चार दिवस अलीकडे घ्या, नाहीतर शेजाऱ्याशी सावड करा.