दुसऱ्याच्या आईचा आशीर्वाद

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक सल्ल्यासाठी येतात ते बहुधा दोनच कामांकरिता. लग्नपत्रिकेतील ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावयाचे असतात, नाही तर कोणाचे तरी मानपत्र लिहून हवे असते. त्यामुळे २०२५ च्या श्रावणात रोह्याहून माझा मावसभाऊ पेणला आला आणि "दादा, एक जुनी पिकअप घ्यावी म्हणतोय, तू जरा कागद वाचून दे," म्हणाला, तेव्हा मला मोठी बढती मिळाल्यासारखे वाटले. पुढे महिनाभर मी जुन्या गाड्यांत इतका बुडालो, की वर्गात शब्दयोगी अव्यये शिकविताना माझ्या तोंडून 'क्लच' निघतो की काय, अशी धास्ती मला वाटू लागली होती.

भावाची अडचण खरी होती. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे मुळशीचे पाणी कुंडलिकेला बारमाही वाहते ठेवते, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर हा गृहस्थ कलिंगडे आणि भाजीपाला काढतो. माल जातो वाशीच्या बाजारात. म्हणजे जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. वर्षाकाठी अशा चाळीसेक खेपा होतात आणि खेपेला सहा हजार भाडे पडते. भाड्याचेही त्याला एवढे वाटत नाही, पण ऐन चैत्रात टेंपोवाला फोन उचलीत नाही, आणि कलिंगड काही कोणाच्या फोनची वाट पाहात थांबत नाही. शिवाय गाडीसाठी जे पैसे काढावयाचे होते ते त्याचे नव्हतेच. त्या मावशीच्या पाटल्या होत्या. एका बँकेत एकदा पैसे अडकल्यापासून मावशीचा सोन्याखेरीज कशावरही विश्वास उरलेला नाही, आणि त्या पाटल्या आता चार चाकांवर चढणार होत्या.

जाता जाता एक सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे माल वाहणारी कोणतीही लहान गाडी म्हणजे 'टेंपो'. हे मुळात एका कारखान्याचे नाव. फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीने १९५८ पासून तीनचाकी बनविण्यास आरंभ केला आणि ते नाव घरोघर झाले. २००५ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलले, तरी लोकांनी काही बदलले नाही. त्याच साली टाटांची 'एस' आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' करून टाकले. आता त्याहून थोरली ती 'पिकअप'. टेंपो तो, हत्ती तो, आणि पिकअप मात्र ती! हे लिंग कोणत्या व्याकरणाने ठरले ते देव जाणे. पण रोह्याच्या नाक्यावर कोणाही ड्रायव्हरला विचारा, तो चुकणार नाही.

असो. भावाने मोबाइलवर जाहिराती दाखविल्या. मला त्यांतील भाषेनेच पहिल्यांदा सावध केले. 'एकहाती वापर' असे लिहिलेल्या गाडीचे पुस्तक तिसऱ्या मालकाच्या नावावर असते. 'कागद क्लिअर' याचा अर्थ कागद आहेत, एवढाच. 'इंजिनला हात लावलेला नाही' हे अभिमानाने सांगितले जाते. वास्तविक दहा वर्षांत ज्या इंजिनला कोणी हात लावला नाही त्याला आपणही न लावलेला बरा. आणि 'घ्या आणि चालवा' यात 'किती दिवस' हे अध्याहृत असते. आधुनिक कवितेत अध्याहृत शब्द शोधण्यात माझी उमेद गेली, पण इतका महागाचा अध्याहार मी प्रथमच पाहिला.

तीन गाड्या पाहावयाचे ठरले. बरोबर पेणमधील माझ्या ओळखीचे एक मिस्त्री घेतले. हा माणूस बोलतो थोडे. पहिली गाडी रेवदंड्याकडची. रंग झकास, किंमत पावणेतीन लाख. मिस्त्री गाडीच्या पुढेही गेले नाहीत. मागचा फाळका उघडून त्यांनी हौद्यात डोके घातले, वास घेतला आणि म्हणाले, "मासळी." मग खाली वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासीवर टकटक केले. एका जागी आवाज बदलला. तिथे टोकरल्यावर ताज्या काळ्या रंगाखालून गंजाचे पापुद्रेच हातात आले. मासळीच्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे चासीवर ठिबकत असते. वरून पत्रा बदलता येतो, रंग देता येतो. चासी म्हणजे गाडीचा कणा, आणि आतून पोकळ झालेल्या कण्याला औषध नाही. आमच्या खारेपाटात तर नुसती उभी गाडीही हवा खाते, मग ही तर मीठच खात होती.

दुसरी घाटावरची, फलटणकडची. हिला गंजाचा डाग नव्हता. भाऊ खूष झाला. मिस्त्रींनी मागच्या पाट्यांकडे बोट दाखविले. कमानीसारखे असावयाचे ते पाटे सरळ झालेले, आणि चासीच्या आडव्या पट्टीला वेल्डिंगचा टाका. "ऊस," मिस्त्री म्हणाले. म्हणजे निवड अशी होती, की कोकणातली मिठाने खाल्लेली घ्यावी की घाटावरची उसाने वाकलेली घ्यावी!

तिसरी महाडची. ती सर्वांत स्वस्त होती, आणि मिस्त्री सर्वांत जास्त वेळ तिच्यातच बसून राहिले. २०२१ च्या जुलैत महाडला जो महापूर आला त्यात किती गाड्या बुडाल्या त्याची गणती नाही. पुढे त्या धुऊन, पुसून, अत्तर लावून बाजारात आल्या. बुडालेली गाडी ओळखण्याची मिस्त्रींची रीत मला फार आवडली. ते सीटखालचे रूळ पाहतात, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाकडे मातीची रेघ आहे का ते बघतात, आणि हेडलाइटच्या काचेआड गाळाची पुटी शोधतात. पट्टा बाहेर दिसतो तेवढाच धुतला जातो, आत गुंडाळलेला कोण धुणार? या गाडीचा पट्टा स्वच्छ निघाला. पण डॅशबोर्डाखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवे कीट चढलेले होते. पूर नसेल, पावसात उघडी राहिली असेल. मिस्त्रींनी हात झटकले, आणि आम्ही परतलो.

रोह्याला वहिनींनी वही उघडली. वहिनी बारावीपर्यंत शिकलेल्या. पण आमच्या घराण्यात हिशेब त्यांनीच करावा. भाडे वर्षाला दोन लाख चाळीस हजार. स्वतःची गाडी असली तर चाळीस खेपांचे डिझेल अडुसष्ट हजार. विमा, कर आणि पासिंग पस्तीस हजार. टायर-ऑइल पंचवीस हजार. वाचले एक लाख बारा हजार. त्याखाली त्यांनी 'दुरुस्ती' असे लिहिले आणि पुढे आकडा न लिहिता नुसते टिंब दिले. भाऊ म्हणाला, "वीस हजार धर." वहिनी म्हणाल्या, "गाडी सुकेळीच्या खिंडीत बसली, तर दुरुस्तीचे वीस, दुसऱ्या टेंपोचे सहा आणि उन्हात तापलेल्या कलिंगडांचे किती? ते कुठे लिहू?"

मला वाटते, जुनी गाडी घेण्याचा सारा प्रश्न या एका टिंबात आहे. किंमत आपल्याला ठाऊक असते, ती घासाघीस करून कमीही होते. गाडी वर्षातून किती दिवस उभी राहील, हे मात्र कोणी सांगत नाही; आणि ती उभी राहते ती बहुधा भरलेली असतानाच. शिवाय वयाचा हिशेब आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी पासिंग करावे लागते, त्यानंतर दरसाल. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या तपासणीचे शुल्क तर २०२२ पासून भारी वाढले आहे. म्हणजे २०१४ ची गाडी घेतली, तर २०२९ पर्यंतच्या चार वर्षांत तिने आपली किंमत फेडली पाहिजे. नवी घ्यावी, तर दहा लाखांच्या घरात. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही, आणि भावाची शेती पावसाळ्यात एक पैसा देत नाही. नव्या गाडीत धूर शुद्ध करणारी यंत्रे आणि सेन्सर आले आहेत, त्यांना आमचे मिस्त्री हात लावीत नाहीत, ही आणखी एक अडचण.

अशात मिस्त्रींनीच बातमी आणली. हमरापूरच्या बाजूला गणपतीचा कारखाना असलेले एक वृद्ध मूर्तिकार आपली पिकअप विकणार होते. २०१४ चीच, आणि मागणी तीन लाख ऐंशी हजार, म्हणजे सर्वांपेक्षा जास्त. भावाने नाक मुरडले. पण गाडी पाहिल्यावर मिस्त्री प्रथमच हसले. ही गाडी वर्षातून तीन-चार महिने चालली होती, आणि तीही मूर्ती घेऊन. मूर्ती म्हटली की खाली भाताचा पेंढा, ओझे हलके आणि खड्ड्यापाशी बैलगाडीहून हळू. आमच्या मुंबई-गोवा महामार्गावर गाडी हळू नेण्याचे पुण्य गणपतीच करवून घेऊ जाणे! मिस्त्रींनी थंड इंजिन सुरू केले, ऑइलचे झाकण काढून त्यावर तळवा धरला, धूर येतो का ते पाहिले. मग तांदळाची पोती भरून गाडी नागोठण्यावरून भिसे खिंडीत नेली आणि दुसऱ्या गिअरात चढविली. गिअर सुटला नाही, पाणी तापले नाही, निळा धूर दिसला नाही. वायपर मात्र चालत नव्हता.

कागद वाचण्याचे माझे काम आता आले. भावाला मी समजाविले, की गाडीचे पुस्तक म्हणजे तिचा सातबारा. मालक कोण, कर्जाचा बोजा चढलेला आहे का, बँकेने तो उतरविल्याचा कागद आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे पाहिल्यावाचून पैसे द्यावयाचे नाहीत. चासीवरचा नंबर मी कागदाशी एकेक अक्षर लावून पाहिला. मुद्रिते तपासण्याची सवय अशी उपयोगी पडते. परवान्याची भानगड नव्हती, कारण एकूण वजन तीन हजार किलोंहून अधिक नसलेल्या मालगाडीला तो लागत नाही. भावाचे लायसन जीपचे. तेही चालते, कारण साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालगाड्या अशा लायसनवर चालविता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

म्हातारबुवांची समजूत मात्र अशी होती, की पैसे घेतले, किल्ली दिली, सह्या करून दिल्या की संपले. नावावर सावकाश करा. आपल्या मुलखात हीच रीत आहे. मी त्यांना २०१८ चा 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हा निकाल सांगितला. गाडी हातोहात विकली गेली, पुस्तकावर नाव पहिल्याचेच राहिले, आणि अपघाताची भरपाई त्या पहिल्याच्याच गळ्यात पडली. म्हातारबुवांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, मग उद्याच चला पेणला."

आता भाव. पितृपंधरवडा लागला होता. या दिवसांत गाडी कोणी घेत नाही, म्हणून घेणाऱ्याने बोलणी याच दिवसांत करावीत, असे माझे मत आहे. त्यातच सप्टेंबरच्या आरंभी सरकारने मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणल्याचे जाहीर केले. दहा लाखांच्या नव्या गाडीत अठ्ठ्याहत्तर हजारांचा फरक पडला, तेव्हा जुनीनेही थोडे उतरावयास हवे, हा युक्तिवाद मी केला आणि म्हातारबुवा पंचवीस हजारांनी खाली आले. पण सौदा खरा जमविला तो वहिनींनी. त्यांनी विचारले, "काका, पुढच्या वर्षी तुमच्या मूर्ती कोण नेणार?" म्हाताऱ्यांनी याचा विचारच केलेला नव्हता. वीस खेपा आमच्याच गाडीने न्यावयाच्या, असे तिथल्या तिथे ठरले. वहीत पन्नास हजारांची भर पडली, आणि सव्वातीन वर्षांत फिटणारी गाडी सव्वादोन वर्षांत फिटू लागली.

मावशीने पंधरवड्यात विसार देऊ दिला नाही. "बोलणी करा, पैशाला हात लावायचा नाही," असे तिने बजावले. पैसे घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला दिले. केबिनच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' असे रंगविलेले आहे. भाऊ ते पुसून मुलीचे नाव घालणार होता. मावशी गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "कोणाच्या का असेना, आईचाच आहे ना? राहू दे."

विम्यावर नाव चढविण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत दिला. नावबदलाचे कागद पेणच्या कार्यालयात दिले, त्याची पावती वहिनींनी वहीत टाचून ठेवली. त्याच पानावर 'दुरुस्ती'पुढच्या टिंबाखाली पहिला आकडा पडला: वायपरची पाती आणि मोटर, अठराशे चाळीस रुपये.