पापलेटाची सोयरीक

माझा भाचा दोन दिवस नाशिकचे द्राक्षमळे बघायला गेला. जाताना बरा मुलगा होता. परतला तो तज्ज्ञ होऊन.

"मामा, या रविवारी स्वयंपाक मी करणार. व्हाइट फिश, व्हेजिटेबल्स आणि त्याला पेअर होणारी वाइन!"

आमच्या घरात 'पेअर' हा शब्द आजवर फक्त चपलांच्या बाबतीत वापरला गेला होता. पण म्हटलं, होऊन जाऊ दे.

व्हाइट फिश म्हणजे शेवटी पापलेटच. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली. बाजारात त्याने चार घेतली, तळहाताएवढी. हो, तळहाताएवढीच! माझ्या लहानपणी एकच पापलेट ताटाच्या काठावरून शेपूट बाहेर काढून बसायचं. 2023 साली आपल्या सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमासा केलं, ते काही नुसतं त्याच्या रूपावर भाळून नव्हे. अंडी घालायच्या वयात येण्याआधीच बारीक आसाच्या जाळ्यांत धरून आपण त्याला संपवत आणलंय. तेव्हा सोयरीक जुळवायची तर निदान त्याला वयात तरी येऊ द्या, हे माझं पहिलं म्हणणं. ते मी कोळणीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "भाऊ, लहान नको तर घेऊ नका ना!" हा मुद्दा काही मला खोडता आला नाही. पिशवी माझ्याच हातात होती.

घरी येऊन भाच्याने काटा काढून नुसत्या वड्या सोडवल्या. आई ओट्याशी उभी होतीच.

"अरे, डोकी न् शेपट्या कुठे घेऊन चाललास? कालवणाचा जीव आहे तो!"

तिने तो ऐवज केराच्या डब्याच्या वाटेवरच अडवला, मीठ-हळद चोळली आणि फ्रिजात ठेवला, बाटलीला खेटून.

उरलेल्या वड्यांना मीठ, मिरपूड, लिंबू आणि दहा मिनिटं वाफ. शेजारी लोण्यात परतलेली फरसबी, गाजर, भोपळी मिरची. हळद नाही, लसूण नाही, तिखटाचा तर वासही नाही. ताट बघून शेजारीण विचारती, "कोण आजारी आहे हो?"

आता भाजी आणि मासळी हे आम्हांला काय नवं आहे? सोडे घालून वांगी-बटाटा, कोलंबीत शेवग्याच्या शेंगा! पण तिथे दोघं एका पातेल्यात रटरटतात, एकमेकांची चव घेतात. इथे ती ताटाच्या दोन टोकांना, रजिस्टर लग्नातल्या दोन पक्षांसारखी बसली होती.

"पांढऱ्या माशाला पांढरी वाइन, हा नियमच आहे, मामा."

नियम खोटा आहे असं मी म्हणत नाही. लाल वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात सुकत घातलेले बोंबील येतात. पांढरीत आंबटपणा असतो, तो लिंबाचं काम करतो. कबूल! पण मग आमचं कोकम इतकी वर्षं काय करत होतं? सोलकढी हेच काम करते, वर आणखी एक करते. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो; नारळाचं दूध तो उतरवतं. मद्याने तो उलट भडकतो. तेरा टक्के अल्कोहोल घेऊन झणझणीत कालवणासमोर एकदा बसून बघाच! म्हणजे या पाहुणीसाठी आधी कालवणाला घराबाहेर काढायचं, माशाला पथ्यावर ठेवायचं आणि मग टाळ्या पिटायच्या की जोडा कसा शोभून दिसतो. माझं भांडण वाइनशी नाही हो, या अटीशी आहे. पाहुणी आली तर घरातल्यांनी आपली भाषा सोडायची का? आणि तज्ज्ञांना म्हणावं, सोलकढी लाल की पांढरी ते सांगा. गुलाबी आहे ती!

एवढं बोलून झाल्यावर मी प्यालो. (पेला स्टीलचा. भाच्याने डोळे मिटून घेतले.) खोटं कशाला सांगू, वाइन चांगली होती. सोव्हिन्याँ ब्लाँ. तिला हिरव्या भोपळी मिरचीचा वास येतो हे त्याने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो; पण खरंच येतो. आणि त्यामुळे पत्रिका जुळली ती ताटातल्या भोपळी मिरचीशी! छत्तीस गुण. पापलेट बिचारं नाकारलेल्या नवरदेवासारखं कडेला पडून होतं. आमच्या हिने गुपचूप त्याच्यावर थोडं लोणच्याचं खार घातलं. मी बघितलं, पण मी काही बोललो नाही, कारण बरणी पुढे मलाच हवी होती.

सोमवारी आईने त्या डोक्या-शेपट्यांचं कालवण केलं. भाचा ऑफिसला जाता जाता 'नुसती चव बघायला' बसला आणि तिसऱ्यांदा भात घेताना म्हणाला, "आजी, कढी उरलीय का गं?"

उरलेली वाइन आईने "आंबलंय रे हे" म्हणून त्याच सकाळी मोरीत ओतली होती. बाटली मात्र टाकली नाही. उंच, बुचाची, चांगल्या जाड काचेची. तिच्यात सध्या कोकमाचं आगळ आहे.