तिकीट ठरतं तेव्हा आपण कुठे असतो?

मतदानाच्या दिवशी शाई लावलेल्या बोटाचा सेल्फी आपण सगळेच टाकतो. ‘तरुणांनो, मतदान करा’ हे ऐकून तर कान किटलेत. पण मशीनवर जी नावं असतात, ती तिथं आणली कोणी? हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर फारसा निघत नाही. माझ्या मते अर्धी निवडणूक तिकीट वाटपातच होऊन जाते आणि तिथं आपल्याला मत नसतं.

आपलाच मतदारसंघ बघा. २०२४ च्या लोकसभेला महायुतीत धाराशिवची जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीला सुटली. तिकीट मिळालं अर्चना पाटील यांना. त्यांचे पती राणाजगजितसिंह पाटील हे तुळजापूरचे भाजप आमदार. अर्चनाताईंचा राष्ट्रवादीत प्रवेश झाला आणि लगोलग उमेदवारीही. समोरचे ओमराजे निंबाळकर तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले, पण त्यांचं तिकीटही कार्यकर्त्यांच्या मतदानातून आलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारे दोन्हीकडे होते. त्यांनी फक्त नाव ऐकलं आणि प्रचाराला लागले.

यात बेकायदा काहीच नाही. उमेदवार कसा निवडायचा, याचं बंधन आपला कायदा पक्षांवर घालतच नाही. एबी फॉर्म वेळेत पोचला की विषय संपला. जर्मनीत मात्र पक्षाला उमेदवार सदस्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानानेच निवडावा लागतो.

मग कोणी म्हणेल, अमेरिकेसारख्या प्रायमरी घ्या. पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथं सामान्य मतदार ठरवतात. पण तिथंही गोची आहेच. आयोवा, न्यू हॅम्पशायरसारखी छोटी राज्यं वर्षानुवर्षं आधी मतदान करत आली. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत निम्मे इच्छुक घरी गेलेले असतात. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरी जो बायडेन यांनी जिंकल्या, जुलैमध्ये माघार घेतली आणि उमेदवार झाल्या कमला हॅरिस. त्यांच्या नावावर प्रायमरीत मतदान झालंच नव्हतं.

आणि हा प्रयोग आपल्या शेजारी लातुरातही झालाय, बरं का! २०१४ ला राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतल्या. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. मत द्यायचा अधिकार मात्र पदाधिकारी आणि पक्षाच्या लोकप्रतिनिधींपुरताच. वर्ध्यात जिंकले सागर मेघे, म्हणजे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. ते लोकसभेला हरले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. लातुरात प्रायमरी जिंकलेले दत्तात्रय बनसोडे यांनाही भाजपच्या सुनील गायकवाडांनी हरवलं. गुजरातेत वडोदऱ्याला तर प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना बाजूला करून मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. पुढे हा प्रयोग गुंडाळलाच गेला.

म्हणून प्रायमरी वाईट असं मी म्हणत नाही. मतदार यादीच नेत्यांच्या माणसांची असेल, तर निकाल वेगळा कसा येणार? आधी यादी खरी हवी. सदस्य नोंदणी खुली हवी. किमान वर्षभर सदस्य असल्याशिवाय तिकीट नको. इच्छुकांनी तालुक्याच्या ठिकाणी, सगळ्यांसमोर, पीकविमा आणि पाण्यावर बोलून दाखवावं. मग सदस्यांनी गुप्त मतदान करावं. जिल्हा परिषदेच्या एखाद्या गटात हे करून बघायला कुठल्या पक्षाचं काय जातं?

पक्षांना आपण हवे असतो ते रॅलीत गाड्या पळवायला. तेव्हा पुढच्या वेळी कोणी पेट्रोल टाकून देतो म्हणाला, तर एवढंच विचारा, “दादा, तुमचं तिकीट ठरवताना आम्हाला बोलावणार का?”