‘विनलँड सागा’चा दुसरा सीझन आणि ‘आमचा मालक चांगला आहे’

यवतमाळ जिल्ह्यातली आपली पोरं मोबाईलवर जपानी अ‍ॅनिमे पाहतात. काही ज्येष्ठ कार्यकर्ते त्यावर नाक मुरडतात. आमचे मत वेगळे आहे. पोरं काय पाहतात यापेक्षा त्यातून काय घेतात, हा चळवळीचा प्रश्न आहे. म्हणून आज ‘विनलँड सागा’वर लिहितो आहोत.

२०१९ चा पहिला सीझन पोरांना आवडतो, कारण त्यात तलवार आहे. बापाच्या खुन्याचा सूड घ्यायला निघालेला थॉर्फिन आहे. २०२३ चा दुसरा सीझन सुरू झाला की हीच पोरं म्हणतात, ‘यात तर नुसती शेती आहे!’ आमचे म्हणणे असे, की नेमका म्हणूनच दुसरा सीझन पहिल्यापेक्षा मोठा आहे. पहिला एका माणसाच्या रागाची गोष्ट सांगतो, दुसरा गुलामीची व्यवस्था उघडी करतो.

इथे थॉर्फिन केटिल नावाच्या जमीनदाराचा दास आहे. सोबत एनार हा दुसरा दास. जंगल तोडायचे, खुंट उपटायचे, गहू पेरायचा आणि तो विकून स्वतःचीच किंमत मालकाला फेडायची. पाडव्याला ज्यांच्या बापाचे साल ठरायचे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

केटिल मायाळू आहे. दासांना सुटकेची संधी देतो. आपल्याकडेही ‘आमचा मालक चांगला आहे हो’ असे म्हणणारे सालगडी आम्ही पाहिले आहेत. पण शेती हातची जाण्याची वेळ येते, आर्नहेड ही दासी पळून जाऊ पाहते, तेव्हा हाच मायाळू केटिल त्या गरोदर बाईला काठीने झोडपतो. त्यात तिचा जीव जातो. मालक चांगला की वाईट हा प्रश्नच खोटा आहे. एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या मर्जीवर का असावा, हा खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी दया मागितली नाही, हक्क मागितले, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट. थॉर्फिन-एनारचा उभा गहू कोण उपटतो? मालक नव्हे, त्याच्याकडे राबणारे स्वतंत्र गडी! स्वतः गरीबच, पण दास आपल्या बरोबरीला येईल हे त्यांना सोसत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध असमानता ती हीच. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाच्या पिकात रात्री जनावरे कोण सोडते, हे गावोगावी विचारून पाहा.

तिसरी गोष्ट पोरांना सर्वांत जास्त खटकते. थॉर्फिन शंभर ठोसे खातो, पण हात उचलत नाही. ‘हा तर भित्रा झाला,’ असे एक पोरगा आम्हाला म्हणाला. आम्ही त्याला महाड सांगितले. २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिहल्ला करण्याइतके बळ आपल्याकडे होते. बाबासाहेबांनी लोकांना आवरले. पण लढा सोडला नाही. त्याच डिसेंबरात मनुस्मृती जाळली आणि १९३७ साली हायकोर्टात चवदार तळ्याचा खटला जिंकला. सूड सोडणे म्हणजे लढा सोडणे नव्हे.

मात्र एका ठिकाणी आम्ही या मालिकेशी सहमत नाही. थॉर्फिनला उत्तर सापडते ते दूर समुद्रापलीकडच्या विनलँडमध्ये. आपल्याला कुठे जायचे आहे? आपल्याला याच मातीत हिस्सा हवा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते त्यासाठीच. आज त्यांच्याच नावाच्या सरकारी योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. आपल्या तालुक्यात ती किती जणांना मिळाली, हे तरुणांनी माहितीच्या अधिकारात विचारले आहे का?

तेव्हा पोरांनो, दुसरा सीझन अर्ध्यावर सोडू नका. आईबापाला शेजारी बसवून पाहा. त्यांना विचारा, साल किती रुपयांचे होते, उचल कधी फिटली, केटिल कोण होता. आणि दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात अर्ज घेऊन जा.

जय भीम!