दयेचे गुण परत घ्या

गेल्या वर्षी मी कथकच्या दुसऱ्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नसून तक्रार म्हणून सांगत आहे. त्या गुणपत्रिकेवर जे गुण आहेत त्यांतले काही माझे नाहीत. ते मी मिळविले नाहीत, मला देण्यात आले; आणि ते का देण्यात आले हे पक्के ठाऊक असल्यामुळे गप्प बसवत नाही.

प्रथम माझी पात्रता सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला ती काढण्याचे श्रम नकोत. मी मॅट्रिक. त्यापुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका. गेली वीसेक वर्षे शाळेत मुलांच्या हातात पेन्सिल देते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. नृत्याचे कोणतेही घराणे माझ्या घरात नाही. घरात आहे ती शहाबादी फरशी, आणि तीही दोन ठिकाणी तडकलेली. वयाच्या ४२ व्या वर्षी मी कथकच्या वर्गात नाव घातले. माझ्या गुरू माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांना मी ताई म्हणते, वर्ग सुरू होताना त्यांच्या पाया पडते, आणि वर्गातल्या दहा-बारा वर्षांच्या मुली मला काकू म्हणतात. ही नाती मला मान्य आहेत.

हसणाऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या खोलीत एकदा माझ्या पिशवीतून घुंगरे वाजली. एका सहकाऱ्यांनी विचारले, "बाई, मुलीची का हो?" मी म्हटले, "माझी." यानंतर खोलीत जो तो एकाएकी वह्या तपासू लागला. एका शेजारणीने मला मोठ्या मायेने सांगितले की चाळिशीनंतर गुडघ्यांना तेल लावावे, पायांत घुंगरे कशाला? हसणाऱ्याशी भांडता येते, कारण तो आपले मत तोंडावर बोलतो. माझे भांडण आहे ते दया करणाऱ्यांशी.

आता परीक्षेची हकीगत ऐका. संस्था कोणती, केंद्र कोणते, हे सांगत नाही. अशा परीक्षा घेणाऱ्या संस्था देशात अनेक आहेत आणि हा दोष एकीचाच आहे असे मला वाटत नाही. खोलीत टेबलामागे परीक्षक बाई, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटीवर लेहरा. मी तीनतालाचा तत्कार ठाय, दुगुन आणि चौगुन या तीन लयींत केला. आमद झाली, दोन तोडे झाले. हातावर सोळा मात्रा धरून पढंत केली. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली. ती चुकली नाही. मग तिसरा तोडा आला. त्याच्या शेवटच्या तिहाईत तीन चकरा आहेत. डाव्या टाचेवर फिरायचे, प्रत्येक फेरीला नजर समोर आणायची आणि तिसऱ्या फेरीनंतर नेमके समेवर, परीक्षकांकडे तोंड करून थांबायचे. या तीन चकरांसाठी मी पाच महिने पहाटे उठले होते. सुरुवातीला भिंत धरून एक, मग भिंत सोडून एक, मग दोन. डोके गरगरे, न्याहारी पोटात टिकत नसे. पाचव्या महिन्यात दहांपैकी सात वेळा सम हाती येऊ लागली.

मी तोडा उचलला. तिहाई जवळ आली तोच परीक्षक बाईंनी हात वर केला. तबला थांबला. त्या अतिशय गोड हसून म्हणाल्या, "काकू, चकरा राहू द्या हं. पडाल-बिडाल. तुम्हांला येतंय ते कळलं मला."

मी नमस्कार करून बाहेर आले. खोलीचे दार नीट लागत नव्हते. माझ्यामागून आमच्याच वर्गातली तेरा वर्षांची एक मुलगी आत गेली. तोच तोडा. दुसऱ्या चकरेला ती झुकली असावी, कारण तिची सम गेलेली मला बाहेर ऐकू आली. आतून परीक्षक बाईंचा आवाज आला. त्यात गोडवा औषधालाही नव्हता. "पुन्हा कर." तिने पुन्हा केले. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला सम आली. मुलगी डोळे पुसत बाहेर आली आणि माझ्या कुशीत शिरली. मी तिच्या पाठीवरून हात फिरविला खरा, पण मनात मला तिचा हेवा वाटत होता. तिला कोणीतरी परीक्षा घेण्याच्या लायकीची समजले होते.

निकाल लागला तेव्हा मला पहिला वर्ग आणि तिला दुसरा. जिने चकरा घेतल्या ती खाली आणि जिने घेतल्याच नाहीत ती वर! यात त्या मुलीवर अन्याय झाला हे कोणीही कबूल करील. माझ्यावरही झाला असे मी म्हणते, आणि तेथेच लोक मला वेड्यात काढतात. "अहो बाई, गुण जास्त मिळाल्याची तक्रार कोणी करते का?"

करावी लागते. गुण म्हणजे काय, हे आम्हां मास्तर-मंडळींना तरी माहीत असले पाहिजे. गुण हे बक्षीस नव्हे. तो निरोप आहे. तू येथवर आलास, येथून पुढे जायचे आहेस, असे तो शिकणाऱ्याला सांगतो. न केलेल्या चकरेला गुण देणारा परीक्षक मला सांगतो की, बाई, तुम्हांला पुढे कोठे जायचेच नाही, तेव्हा कोठवर आलात हे पाहून काय करायचे? 'या वयाला छान' या तीन शब्दांत पहिले दोन शब्द तिसऱ्याचा जीव घेतात.

दुसरा एक पक्ष आहे. तो सुशिक्षितांचा, आणि म्हणून अधिक अवघड. हे लोक म्हणतात, "प्रौढाने आनंदासाठी नाचावे. परीक्षेची हाव कशाला? मुलांचे एक ठीक आहे." मुलांचे काय ठीक आहे ते मी रोज पाहते. शास्त्रीय नृत्यगायनाच्या किंवा चित्रकलेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना आपल्या राज्यात दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. त्यांचे प्रस्ताव भरण्याचे काम माझ्याकडेच असते. दहावीचा निकाल लागला की त्यांतली पुष्कळशी घुंगरे माळ्यावर जातात आणि रंगपेट्या धाकट्या भावंडांकडे. मुलांना मी दोष देत नाही. आपण मोठ्यांनीच त्यांना तसे शिकविले आहे. पण मग मला सांगा, जिला दहावीचे गुण नकोत, नोकरीत बढती नको, लग्नाच्या बाजारात मिरवायचे नाही, अशी बाई परीक्षेला बसते तेव्हा ती कशाची हाव धरून बसते? आपल्याला खरोखर काय येते एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. परीक्षेला तिच्याइतका निर्लोभी उमेदवार मिळणार नाही.

आणि हा प्रश्न मला कादंबरीकार म्हणूनही पडतो. कादंबरी लिहायला मला कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. मॅट्रिक झालेल्या बाईने लिहिलेले छापले गेले, काहींनी वाचले, काहींनी स्तुती केली. पण एखादे प्रकरण फसले तर ते कोठे फसले हे मला आजवर कोणी बोट ठेवून दाखविलेले नाही. तीनतालात तसे नाही. तेथे सम गेली तर खोलीतल्या तबलजीपासून दाराबाहेरच्या मुलीपर्यंत साऱ्यांना ऐकू येते. आयुष्यात एक तरी जागा अशी असावी की जेथे आपली चूक वादातीत ठरते. ती जागा मला ४२ व्या वर्षी सापडली, आणि परीक्षक बाईंनी हात वर करून ती हिरावून घेतली.

परीक्षा ही कलेला लागलेली कीड आहे, असेही म्हटले जाते. घराण्यात जन्मलेल्याने हे म्हणावे. त्याची परीक्षा पाळण्यातच सुरू झालेली असते. आम्हां बाहेरच्यांचे काय? पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे १९०८ साली ते मुंबईत आणले, आणि १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. ठरलेला अभ्यासक्रम आणि ठरलेली परीक्षा यांमुळे खाँसाहेबांच्या घरी पाणी भरल्यावाचून विद्या मिळत नाही ही स्थिती पालटली. कारकुनाच्या मुलाला आणि मास्तरांच्या मुलीला गाणे शिकण्याची वाट झाली. पुढे नृत्यालाही अशाच परीक्षा आल्या. १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती काढली. ज्या घरांत घुंगरांचे नाव काढणे पाप होते, त्या घरांतल्या मुली पुढे उजळ माथ्याने कथक शिकू लागल्या. ही वाट बाहेरच्यांसाठी आहे. पन्नाशीकडे झुकलेली मास्तरीण आणि घराण्यात न जन्मलेली मुलगी या दोघी सारख्याच बाहेरच्या. एकीला वाट मोकळी करायची आणि दुसरीला वाटेवर पाटावर बसवून हळदीकुंकू लावायचे, हा कोणता न्याय?

वयाचा मुद्दा निघाला की मला पाश्चात्त्य बॅलेचे उदाहरण हटकून ऐकविले जाते. बॅले कोवळ्या हाडांचा खेळ आहे, सहा-सात वर्षांच्या मुलीच तो शिकतात, वगैरे. या म्हणण्यात तथ्य आहे. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो. तो किती वळेल हे पुष्कळसे हाडांच्या घडणीवर ठरते आणि मोठेपणी ती घडण बदलत नाही. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे कठीण जोडे तर मुलींनाही पाऊल बळकट झाल्यावाचून देत नाहीत. कथकमध्ये उभे राहणे सरळ, पाऊल जमिनीवर, तळवा आणि टाच यांचा आघात. म्हणजे वयाचा अडसर जेथे खरोखर मोठा आहे ते नृत्य बॅले, कथक नव्हे.

आणि त्या बॅलेवाल्यांनी काय केले पाहा. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही संस्था मूळ १९२० सालची. बॅले शिकविणाऱ्यांच्या शिकवणीला काही धरबंद असावा म्हणून ती निघाली. तिच्या श्रेणी-परीक्षांत १०० पैकी ४० गुणांना उत्तीर्ण, ५५ ला मेरिट आणि ७५ ला डिस्टिंक्शन. परीक्षेला किमान वय आहे, कमाल वय नाही. आणि वयासाठी वेगळे गुण नाहीत. पण ज्यांना गुण नकोत त्यांच्यासाठी त्यांनी प्रेझेंटेशन क्लास म्हणून वेगळी सोय ठेविली आहे. उमेदवार परीक्षकासमोर तसाच नाचतो, मात्र त्याचे गुण मांडले जात नाहीत. शिवाय २०१७ सालापासून पंचावन्न वर्षांपुढील लोकांसाठी 'सिल्व्हर स्वान्स' या नावाचे वर्ग आहेत. तेथे निव्वळ आनंद आहे आणि तो आनंदाच्याच नावाने दिला जातो. मुंबईतही या संस्थेच्या अभ्यासक्रमाने बॅले शिकविणारे वर्ग आहेत. तेव्हा ही सात समुद्रांपलीकडची नवलकथा नव्हे. साहेबाचे म्हणून ते चांगले असे मी म्हणत नाही. दोन दारे वेगळी ठेवून प्रत्येकावर खरी पाटी लावणे यात जो प्रामाणिकपणा आहे तो मला हवा आहे. आम्ही पाटी परीक्षेची लावतो आणि आत प्रसाद वाटतो.

हे सारे लिहिताना मी परीक्षक बाईंना दोषी धरून मोकळी होऊ पाहते आहे, असे वाचकाला वाटेल. तेव्हा माझेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. घरची ओढग्रस्त, हात जड, रेघ थरथरती. त्याच्या कागदाकडे मी नीट पाहतही नसे. दरवेळी पस्तीस गुण लिहून मोकळी होत असे आणि आपण फार दयाळू आहोत असे मनाला सांगत असे. वर्ष संपताना तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दुसऱ्यांच्या कागदावर लाल पेन्सिलीने दाखवता तसं माझ्या कागदावर कधीच दाखवलं नाही. माझं काय चुकतं?" मी त्या वेळी काहीतरी बोलून त्याला वाटेला लावले. ४५ व्या वर्षी त्या दाराबाहेर पायांतली घुंगरे सोडत असताना मला तो मुलगा आठवला. मी त्याला पस्तीस गुण दिले होते आणि शिकवणे काढून घेतले होते.

आणि आणखी एक. निकालाच्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. पहिला वर्ग म्हणून सर्वांनी अभिनंदन केले आणि मी ते घेतले. दया करणारे जितके अपराधी तितकेच ती खिशात घालणारे आम्ही प्रौढ विद्यार्थीही अपराधी आहोत. 'मला कुठे व्यवसाय करायचाय' असे म्हणून आम्ही रियाजात सूट मागतो, आणि भिंतीवर मात्र प्रमाणपत्र लावतो. सूट हवी असेल तर खुशाल घ्यावी, पण प्रमाणपत्र मागू नये. आणि प्रमाणपत्र हवे असेल तर "पुन्हा कर" हे शब्द मान खाली घालून ऐकावेत.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे माझे मागणे थोडके आहे. ज्यांना गुण नकोत त्यांच्यासाठी वेगळी सोय करा. ज्यांना हवेत त्यांना वय विचारू नका. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागा, ती बाब वगळा आणि वगळली असे गुणपत्रिकेवर लिहा. पण न पाहिलेल्या गोष्टीला गुण देऊ नका.

माझे प्रमाणपत्र भिंतीवर नाही, कपाटात आहे. पुढच्या परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. तिच्यात पाच चकरांचा तोडा आहे आणि आजमितीला तो मला दहांपैकी चार वेळाच साधतो. कदाचित मी पडेनही. खोलीतली फरशी माझ्या घरच्या फरशीहून कठीण नसणार. पडले तर परीक्षकांनी शून्य लिहावे, आणि मला उठायला सांगावे.